बालवाडीच्या बाईंची शाळा

आपल्याकडील जुन्या शाळांत एक अलिखित नियम असे. वरच्या इयत्ता अनुभवी मास्तरांकडे जात आणि बिगरीचा वर्ग सर्वांत नवख्या, सर्वांत कमी पगाराच्या मास्तराच्या गळ्यात पडे. बिगरीतील मुलांना शिकवावयाचे ते काय? धुळाक्षरे गिरवून घ्यावीत, उजळणी म्हणून घ्यावी, रडणाऱ्यास गप्प बसवावे. एवढ्यासाठी विद्या कशाला हवी, असा त्यामागील हिशेब होता. मूल जितके लहान, तितके त्याच्या शिक्षकाचे शिक्षण थोडे असले तरी चालते, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. आणि आजही ती पूर्णपणे गेली आहे असे म्हणवत नाही.

या समजुतीविरुद्ध ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. बालशिक्षणाविषयी बोलताना आपण मुलांच्या शाळांविषयी बोलतो. परंतु त्या शाळांच्या मागे आणखी एक शाळा असते, ती म्हणजे मुलांच्या बाईंची शाळा. ती कोठे आणि कशी सुरू झाली, तिच्यात काय शिकविले गेले आणि पुढे तिचे काय झाले, हे पाहिल्यावाचून बालशिक्षणाची कथा पुरी होत नाही.

युरोपात या विचाराचा पाया फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने घातला. १८४० साली त्याने आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. बाग म्हटली की माळी आलाच. आणि माळ्याला रोपट्याचा स्वभाव कळावा लागतो. म्हणून फ्रोबेलने मुलांच्या शाळेबरोबरच तरुण स्त्रियांना या कामासाठी तयार करण्याचे वर्ग चालविले.

मराठी माणसांपैकी ही विद्या जेथे शिकविली जात होती तेथे जाऊन ती शिकणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. समारंभ आटोपला, तरी त्या तेथेच राहिल्या आणि किंडरगार्टनच्या शिक्षिका तयार करणाऱ्या वर्गात त्यांनी नाव घातले. संस्कृत विद्येसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही विदुषी लाकडी ठोकळे आणि रंगीत चेंडू मांडून मुलांशी खेळावे कसे, हे शिकत बसली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, तेव्हा तरुण विधवांना शिक्षिका करावे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा त्यामागील एक मुख्य हेतू होता. लहान मुलांचे शिक्षण आणि निराधार स्त्रीची उपजीविका हे दोन प्रश्न येथे प्रथम एकत्र आले. पुढील सर्व इतिहासात ते एकमेकांपासून वेगळे झालेले नाहीत.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात नव्हे, तर सौराष्ट्रात घडला. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. काही काळ ते पूर्व आफ्रिकेत राहून आले होते आणि वढवाणला त्यांची वकिली चालत होती. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला शिकवावे कसे, या घरगुती प्रश्नाने त्यांच्या हाती मादाम माँटेसोरींचे ग्रंथ आले. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. त्यांच्या विचारांनी गिजुभाईंच्या मनाची अशी काही पकड घेतली की, १९१६ साली त्यांनी वकिली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते दाखल झाले. १९२० साली तेथे बालमंदिर सुरू झाले. मुलांवर या गृहस्थाचा इतका जीव की, लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणू लागले.

या बालमंदिरात १९२३ साली एक मराठी स्त्री काम करू लागली. ताराबाई मोडक त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईस, प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त झाल्यावर त्या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिका झाल्या. पगार चांगला होता, मान होता. तरीही गिजुभाईंचे बालमंदिर पाहिल्यावर त्यांनी ती जागा सोडली आणि भावनगरची वाट धरली. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदावर बसलेल्या बाई स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. कारण मोठ्या वयाच्या शिक्षिकांना पाठ घ्यावयास शिकविणे निराळे आणि तीन वर्षांच्या मुलासमोर काय करू नये हे शिकविणे निराळे, हे त्यांना उमगले होते.

‘काय करू नये’ हाच त्या नव्या शिक्षणाचा पहिला धडा होता. जुन्या ट्रेनिंग कॉलेजात पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, वर्ग ताब्यात कसा ठेवावा हे शिकवीत. येथे शिक्षिकेने प्रथम बाजूला बसावे आणि पाहावे, असे सांगण्यात येई. एखादे मूल लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवीत आहे. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला, शेवटचा कोठेच बसत नाही. नवख्या बाईचा हात तत्काळ पुढे होतो. तो हात आवरणे हेच शिक्षण. मुलाला चूक स्वतः दिसली पाहिजे, ती त्याने स्वतः दुरुस्त केली पाहिजे, आणि तो वेळपर्यंत बाईंना धीर धरता आला पाहिजे. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविणे, जमिनीवर आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळीत चालणे, डोळे मिटून शांततेचा खेळ खेळणे, या सर्व गोष्टी बाईंना आधी स्वतः कराव्या लागत.

गिजुभाई मात्र कोणाचे आंधळे अनुयायी नव्हते. लहान वयात अद्भुत कथा सांगू नयेत, असा माँटेसोरींचा कल होता. गिजुभाईंना ते पटले नाही. आपल्या घरांतील आज्या पिढ्यान् पिढ्या ज्या गोष्टी सांगत आल्या, त्या टाकून देण्यास त्यांनी नकार दिला. उलट गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्रच त्यांनी लिहिले. लोकगीते, नाट्यखेळ आणि कथा यांना भावनगरच्या बालमंदिरात मानाचे स्थान होते. परक्या देशातून आलेली पद्धत येथील मातीत लावावयाची तर तिची काटछाट आणि कलम दोन्ही करावी लागतात, हे तेथे तयार होणाऱ्या शिक्षिकांनी डोळ्यांनी पाहिले.

१९२५ साली भावनगरास अध्यापन मंदिर निघाले आणि पुढील वर्षी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी मिळून ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत चालविली. ताराबाईंनी गुजराती भाषा इतकी आत्मसात केली होती की, त्या भाषेत त्या सहजपणे ग्रंथलेखन करीत. १९३३ साली पत्रिकेची मराठी आवृत्ती निघू लागली. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसांनी आपली भाषा आणि विद्या इतर प्रांतांस दिली, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. येथे उलट प्रवाह दिसतो. मराठी बालशिक्षणाची गंगा भावनगरच्या टेकडीवरून वाहत आली आणि ती आणणारी स्त्री दोन्ही भाषांत सारख्याच आपलेपणाने वावरत होती. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले, आणि मुंबईतील मराठी मुलींना मराठीतून बालशिक्षणाची विद्या मिळण्याची सोय झाली.

१९३९ साली दोन घटना घडल्या. जून महिन्यात गिजुभाई वारले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द डॉ. माँटेसोरी मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना शिक्षणवर्ग घेण्यासाठी बोलाविले होते. काही महिन्यांसाठी आलेल्या या वृद्ध बाईंना महायुद्धाने अडकविले. १९४० साली इटली युद्धात उतरताच त्या ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचा मुलगा मारिओ यास अहमदनगरच्या स्थानबद्धांच्या छावणीत पाठविण्यात आले. त्या वर्षी ऑगस्टच्या ३१ तारखेस, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने त्याची सुटका केली. बाई इटालियनमध्ये बोलत, मुलगा त्याचे इंग्रजी करी, आणि समोर बसलेले शिक्षक ते टिपून घेत. युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ त्यांचे वर्ग या देशात होत राहिले आणि एक हजाराहून अधिक शिक्षक त्यांतून तयार होऊन गेले.

बालशिक्षणाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. परंतु त्याला एक मर्यादा होती. इंग्रजी समजणाऱ्यांनाच हे वर्ग घेता येत. माँटेसोरींची साधने सुबक, अचूक मापाची आणि महाग होती. रोममध्ये गरिबांच्या चाळीत जन्माला आलेली ही पद्धत आपल्याकडे हळूहळू शहरांतील सुखवस्तू घरांच्या मुलांपुरती उरू लागली. ताराबाईंना ही गोष्ट बोचत होती. खेड्यांतील कोट्यवधी मुलांचे काय, हा प्रश्न गांधीजींच्या नयी तालीमच्या मंडळींनीही पुढे मांडला होता. वयाची त्रेपन्न वर्षे झाल्यावर ताराबाईंनी मुंबईतील घडी मोडली, आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले.

त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. १९१० साली मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि अवघ्या काही महिन्यांत त्या विधवा झाल्या. शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. पुण्यातील स्थिर नोकरीचे आयुष्य मागे टाकून त्या बोर्डीस आल्या, त्या पुन्हा मागे फिरल्या नाहीत.

बोर्डीच्या आसपास चिकूच्या वाड्या, पुढे कोळ्यांची घरे, मागे डोंगराकडे वारल्यांचे पाडे. वेठ आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध वारली शेतमजुरांनी ज्या वर्षी डोके वर काढले, ते वर्षही १९४५ च होते. अशा मुलखात बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, असे कोणी मानले असते तर त्याची निराशाच झाली असती. गावाच्या मध्यभागी वर्ग भरला, पण ज्यांच्यासाठी तो भरविला ती मुले फिरकेनात. काहींना जातीचा अडसर होता. काहींच्या कडेवर धाकटे भावंड होते. काही गुरांमागे गेलेली होती, आणि काही सकाळपासून उपाशी होती.

येथे या दोन बाईंनी जो निर्णय घेतला, तो भारतीय बालशिक्षणाच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. साधनांची पेटी घेऊन शिक्षिका वस्तीवर जाई, कोणाच्या तरी अंगणात बसे, आणि मुलांच्या सोयीच्या वेळी तेथेच वर्ग भरे. त्याला नाव पडले ‘अंगणवाडी’. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा हा विचार आणखी पुढे गेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली; ती ‘कुरणशाळा’. तान्ह्या भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, तिला ‘विकासवाडी’ म्हणू लागले. धाकट्याला पाळणाघरात निजविल्यावर थोरली बहीण मोकळी होते, मगच ती पाटी हातात धरू शकते, इतका साधा व्यवहार त्यामागे होता. पण तो व्यवहार एखाद्या पुस्तकातून आलेला नव्हता, दारोदार फिरून कळलेला होता.

यामुळे बाईंच्या शाळेचा अभ्यासक्रमच पालटून गेला. शहरातील शिक्षिकेला तयार साधने हाताळावयास शिकावे लागे. येथे साधने करावयास शिकावे लागले. शंख, शिंपले, बिया, पाने, गारगोट्या, बांबू आणि माती यांतून लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत यांचे ज्ञान देता येते, हे कळावे लागले. शहरातील मूल न्हाऊनमाखून वर्गात येई. येथे नखे काढणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे आणि काहीतरी पोटात घालणे, यांनीच दिवसाची सुरुवात होई. मुलाची आई मजुरीवर जाण्यापूर्वी तिला गाठून दोन शब्द बोलणे, हाही अभ्यासाचाच भाग झाला. आणि सर्वांत अवघड धडा भाषेचा होता. पांढरपेशा घरांतून आलेल्या बाईंची पुस्तकी मराठी वारली मुलाला परकी वाटे. त्याचे शब्द, त्याची गाणी, त्याच्या तारप्याचा ठेका आधी बाईंनी शिकावा, मग त्याला आपले काही द्यावे, असा क्रम लागला. त्याच परिसरातील मुली बालसेविका म्हणून तयार झाल्या, तेव्हा हे अंतर पुष्कळ कमी झाले.

असे करताना भावनगरचे मूळ सूत्र मात्र सुटले नव्हते. साधन शिंपल्याचे असो की सुताराने घडविलेले असो. बाईंनी मुलाकडे पाहावे, त्याला वेळ द्यावा, त्याच्या हातचे काम हिसकावून घेऊ नये, हे दोन्हीकडे सारखेच होते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली ऑगस्टच्या ३१ तारखेस त्या निवर्तल्या. योगायोग असा की, माँटेसोरींचा जन्मदिवस तोच. अनुताईंनी त्यानंतरही कोसबाडचे काम सांभाळले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले.

दरम्यान सरकारने या कामात लक्ष घातले होते. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने खेडोपाडी बालवाड्यांना साहाय्य दिले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या ठिकाणी गृहविज्ञानाच्या अंगाने बालविकास हा उच्च अभ्यासाचा विषय झाला. आणि १९७५ साली ऑक्टोबरच्या २ तारखेस एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू झाली. या योजनेने आपल्या केंद्रांसाठी जो शब्द घेतला, तो ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या अंगणातील शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेला. आज देशात सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. जगात बालकांसाठी चालविलेल्या एवढ्या विस्ताराच्या योजना थोड्याच असतील.

शब्द पोहोचला, परंतु त्यामागील शाळा तितकीशी पोहोचली नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. अंगणवाडी सेविकेकडे सहा सेवा सोपविल्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलास दवाखान्यात पाठविणे, मातांना आहार व आरोग्य यांची माहिती देणे, आणि शाळापूर्व शिक्षण. वजन, खिचडी आणि नोंदवह्या यांचा हिशेब वरिष्ठ मागतात. मुलाने आज मातीचा बैल स्वतः केला की नाही, हे कोणी विचारीत नाही. साहजिकच सहावी सेवा शेवटी राहते. ज्या विद्येसाठी भावनगरास आणि दादरला दीर्घ शिक्षणाची गरज मानली होती, ती प्रचंड संख्येच्या ओझ्याखाली अल्प मुदतीच्या वर्गांत आटोपावी लागली.

वेतनाची गोष्टही याहून निराळी नाही. सेविकेला मिळते ते ‘मानधन’. वेतन हा शब्द तिच्या वाट्यास आला नाही. जुन्या शाळेत बिगरीच्या मास्तराला कमी पगार देण्यामागे जो हिशेब होता, त्याचीच ही नवी आवृत्ती होय. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. हे काम म्हणजे फावल्या वेळची समाजसेवा नव्हे, हे त्या निमित्ताने न्यायासनासमोर मांडले गेले. रमाबाईंच्या काळी एकत्र आलेले दोन प्रश्न, मुलाचे शिक्षण आणि स्त्रीची उपजीविका, अजूनही हातात हात घालूनच उभे आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा या वयास प्रथमच शिक्षणाच्या मुख्य रचनेत स्थान दिले. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम त्यात सुचविला आहे. आणि सेविकांचे दैनंदिन काम फारसे अडू नये म्हणून तो दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी अशा साधनांद्वारे द्यावा, असे म्हटले आहे. हेतू स्तुत्य आहे. तथापि, या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एक शंका मनात उभी राहते. मुलाकडे पुढे झालेला हात मागे घेणे ही गोष्ट पडद्यावर पाहून कितपत शिकता येईल? ताराबाई ती गिजुभाईंच्या शेजारी बसून शिकल्या. अनुताई ती ताराबाईंच्या बरोबर वस्त्यांतून हिंडून शिकल्या. कोसबाडच्या बालसेविका ती अनुताईंच्या हाताखाली शिकल्या. ही विद्या एका शिक्षिकेकडून दुसरीकडे, प्रत्यक्ष मुलांच्या सान्निध्यात, गेलेली आहे. तंत्र कोणतेही वापरा. त्या साखळीला पर्याय सापडलेला नाही.

तेव्हा ज्या गावात अंगणवाडी आहे, तेथील सुजाण नागरिकांनी तिला भेट देताना केवळ खिचडी कशी आहे एवढेच पाहू नये. बाईंना बसावयास आणि मुलांकडे पाहावयास सवड मिळते की नाही, त्यांना कामातले चार नवे धडे देणारे कोणी जाणते माणूस महिन्यातून एकदा तरी येते की नाही, त्यांचे मानधन वेळेवर पोहोचते की नाही, याचीही विचारपूस करावी. ज्या घराच्या अंगणात पहिली अंगणवाडी भरली असेल, त्या घरच्या माणसांनी त्या दिवशी एक घोंगडी अंथरून दिली असेल. आपणही आपल्या गावातील बाईंसाठी एवढे अंथरून देऊ शकलो, तर बिगरीच्या मास्तराचा तो जुना हिशेब एक दिवस खोटा ठरेल.